ट्यूब नको, कोरडे हात द्या

नखाचं टोक पांढरं पडून मांसापासून सुटायला लागलं की आपल्याकडे दोन निदानं तयार असतात. कॅल्शियम कमी झालं, नाहीतर बुरशी लागली. पहिलं निदान शेजारीण करते, दुसरं औषधाच्या दुकानातला माणूस करतो. या दुसऱ्या निदानावर माझेच अनेक व्यवसायबंधू हात उलटासुलटा करून न बघता शिक्का मारतात, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. ट्यूब लिहिली, गोळ्या लिहिल्या, पुढचा पेशंट. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. सुटलेली नखं माझ्यासमोर नेहमी येतात. ती कुणाच्या हातांची असतात हे सांगितल्याशिवाय या दुखण्याबद्दल धड काही बोलता येत नाही.

ती धुणं-भांडी करणाऱ्या बायकांची असतात. खानावळीत परातभर कणीक मळणाऱ्या आणि मग त्याच हातांनी पातेली घासणाऱ्या बायकांची असतात. ससून डॉकवर पहाटेपासून बर्फातली कोळंबी सोलणाऱ्यांची असतात, हॉटेलच्या मोरीपाशी दिवस काढणाऱ्या पोरांची असतात, आणि ज्या घरात कामाला बाई नाही तिथल्या गृहिणीची असतात. साहेबाचं नख सुटून आलेलं मी क्वचितच बघते. आलंच तर ते गाडीच्या दारात चेमटलेलं असतं. एवढ्यावरूनच कुणाही शहाण्या माणसाने विचारायला हवं की हा रोग हातांचा आहे की हातांकडून करून घेतलेल्या कामाचा.

नख म्हणजे केराटिनचा पत्रा. तो मुळाशी तयार होतो आणि खालच्या मांसाला घट्ट धरून पुढे सरकत राहतो. टोकाशी, जिथे नख मांस सोडून पुढे वाढतं, तिथे कातडीची एक बारीक कड असते. पाणी, साबण, माती आणि जंतू आत जाऊ नयेत म्हणून ही कड सगळी फट बंद ठेवते. ती फाटली की आत हवा शिरते आणि हवा शिरली की तेवढा भाग पांढरा दिसतो. कॅल्शियमशी त्याचा काही संबंध नाही. गुलाबी रंग खालच्या रक्तवाहिन्यांचा असतो. मध्ये पोकळी आली की तो दिसेनासा होतो, इतकंच.

आता ही कड फाटते कशाने? पाण्याने. नखातून पाणी आरपार जातं, कातडीपेक्षाही सहज. नख पाण्यात फुगतं, वाळल्यावर आकसतं. दिवसातून अनेकदा फुगणं आणि आकसणं झालं की पकड ढिली होते. त्यात भांड्यांच्या साबणाने कातडीतली चरबी धुऊन नेली आणि तारेच्या घासणीने टोकं रगडली, की उरलेलं काम पूर्ण होतं. पावसाळ्यात पायांच्या बोटांत चिखल्या का होतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तोच पाण्याचा मार बारा महिने हातांवर पडत असताना मात्र आपल्याला बुरशीच आठवते.

एक साधी चौकशी करून बघा. मी करते. "मावशी, किती घरं?" "सहा, ताई. दोन घरी फरशीपण." "पाण्यात हात किती वेळ?" यावर बाई गप्प होते, कारण आजवर हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. तिच्या पिशवीत आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, अर्धवट पिळलेल्या ट्यूब असतात आणि एकाही चिठ्ठीवर 'काम काय करता' याचं उत्तर नसतं. जर्मनीत कामगारांच्या त्वचेच्या संरक्षणासाठी नियम आहेत. त्यांत दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ हात ओले राहत असतील तर त्याला 'ओलं काम' म्हणतात, आणि त्या धोक्याचा विचार करणं मालकाचं काम ठरतं. सहा घरं करणारी बाई दोन तास सकाळी नऊच्या आधीच पुरे करते.

बुरशीचं काय, असं विचाराल. नखाला बुरशी होते, आणि खरी झाली तर तिला औषध हवंच. ती जास्त करून पायाच्या नखांना होते. हाताच्या सुटलेल्या नखाखाली कॅन्डिडा नावाचं यीस्ट सापडतं हेही खरं आहे. पण बहुतेक वेळा नख आधी सुटलेलं असतं आणि ओलसर फट मिळाली म्हणून कॅन्डिडा आत येते. तिच्यावर गोळ्या मारत बसलात आणि फट ओलीच ठेवलीत तर ती परत येणार. नखाखालचा भुगा काचेवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ही तपासणी स्वस्त आहे, जुनी आहे, तालुक्याच्या गावीही करता येण्यासारखी आहे. ती न करता टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी लिहून देणं मी आळस मानते. हाताच्या नखांसाठी ही गोळी सहा आठवडे घ्यावी लागते आणि यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं. ज्या बाईला बुरशीच नाही तिच्या यकृताला हा भार कशासाठी?

आणि या आळसाची किंमत फक्त तिने मोजलेली नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं. टर्बिनाफिनला दाद न देणारी ही बुरशी 2020 साली जपानी संशोधकांनी वेगळी प्रजात म्हणून नोंदवली, आणि ज्या रुग्णांकडून ती मिळाली ते भारतीय आणि नेपाळी होते. आपल्या देशाची खूण तिच्या नावातच आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये कोंबून ती गल्लोगल्ली विकली गेली. या बुरशीने होणारं गजकर्ण दाबलं गेलं, बरं झालं नाही, पसरत राहिलं. 2018 मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती मिळू नयेत. आजही कुठल्याही दुकानात जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हणा आणि काय हातात पडतं ते बघा. तीच ट्यूब पुढे सुटलेल्या नखावर चोपडली जाते. तिथे तर तिचा काडीचाही उपयोग नसतो, उलट कडेची कातडी पातळ होते.

दुसरा बाजार मांडलाय सौंदर्याच्या नावाखाली. जेल नखं, ॲक्रिलिकची नखं, दिव्याखाली वाळवायचे रंग. लग्नसराईत ही कामं जोरात असतात. नखावर आधी कानस मारतात, मग रसायनाचे थर देतात, मग काही आठवड्यांनी ॲसिटोनमध्ये बुडवून किंवा सरळ ओरबाडून काढतात. त्या ओरबाडण्यात नखाचे वरचे पापुद्रे निघून येतात. चिकटवलेलं लांब नख तर पहारीसारखं काम करतं: कशाला जरा अडकलं की सगळा जोर मुळातल्या पकडीवर येतो आणि खरं नख उचकटतं. यातले मेथाक्रिलेट कातडीला लागले तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञसंस्थेने 2012 साली ॲक्रिलेटांनाच 'वर्षातलं ॲलर्जन' ठरवलं होतं. ही ॲलर्जी फक्त नखापुरती राहत नाही. दातांत भरायच्या सिमेंटात आणि सांधे बदलताना वापरतात त्या सिमेंटात याच कुळातली रसायनं असतात. पंचविशीत हौस म्हणून केलेल्या नखांमुळे साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना डोकं खाजवावं लागू शकतं, हे कुठल्या पार्लरच्या दरपत्रकावर छापलेलं आहे? युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून जेलमधलं टीपीओ हे रसायन सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी घातली. आपल्याकडे घरबसल्या दिवा आणि बाटल्यांचा संच मागवून सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणींची नखं करते. दिवा कमजोर असला की जेल अर्धवटच वाळतं आणि न वाळलेलं रसायनच जास्त बाधतं.

त्या पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींबद्दलही बोलायला हवं. ग्राहक महिन्यातून एकदा येते. ही मुलगी दिवसभर त्याच रसायनात असते. साधे रबरी किंवा नायट्राइलचे मोजे घातले तरी मेथाक्रिलेट त्यांतून काही मिनिटांत आरपार जातात. तिच्या बोटांची टोकं फुटतात, नखं सुटतात, आणि ती नोकरी जाईल म्हणून हात लपवते.

आणि मग त्या बायोटिनच्या गोळ्या! केस आणि नखं यांच्या नावाने खपणारा हा उद्योग मला धोकादायक वाटतो. सुटलेलं नख बायोटिनने चिकटत नाही. पण मोठ्या डोसातलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या बिघडवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये तसा इशारा दिला. थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. नखं सुटण्याच्या कारणांत थायरॉइडचा अतिरेक हे एक खरं कारण आहे. म्हणजे ज्या बाईची थायरॉइडची तपासणी बिनचूक व्हायला हवी, तिलाच ती बिघडवणारी गोळी आधी खायला घातली जाते. रक्त द्यायला जाताना अशी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगाच.

पाण्याचा मी इतका उल्लेख करते म्हणून बाकीची कारणं नाहीत असा अर्थ कुणी घेऊ नये. सोरायसिस नखाला बऱ्याचदा धरतो. सुटलेल्या भागाच्या कडेला तांबूस पट्टा, नखाखाली तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळसर डाग, नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले की कोपर, गुडघे आणि डोक्याची कातडी बघावी, सांधे दुखतात का विचारावं. डॉक्सिसायक्लिन हे जंतूंवरचं औषध घेत असताना कडक उन्हात राबलेल्या माणसाची नखं सुटू शकतात. अशा वेळी अंगठा बहुतेक वाचतो, कारण मूठ वळली की तो उन्हाआड जातो. कर्करोगावरच्या डोसिटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल या औषधांनी नखं सुटतात, दुखतात, खाली पू होतो. औषध चढवताना हातांत गोठवलेले मोजे घातले तर हा त्रास कमी होतो. आपल्याकडच्या किती केमोथेरपी वॉर्डांत रुग्णाला हे कुणी सांगतं? लसूण सोलणाऱ्यांच्या बोटांची टोकं सोलवटतात, तीही लसूण धरणाऱ्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. लग्नाच्या स्वयंपाकात पोतंभर लसूण सोलणाऱ्या बाईला पुढच्या वेळी बघाल तेव्हा तिचा डावा हात बघा. वेंगुर्ल्याकडे काजूची टरफलं फोडणाऱ्या हातांना टरफलातलं तेल अक्षरशः भाजतं.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नये. एकाच बोटाचं नख, लागलेलं आठवत नाही, महिनोन्महिने सुटलेलंच आहे, खालून रक्त किंवा पाणी येतं, मांस वाढल्यासारखं वाटतं किंवा काळा पट्टा रुंदावतोय: अशा नखाखाली गाठ असू शकते, क्वचित कर्करोगही असतो. एक्स-रे आणि गरज पडली तर तुकडा काढून तपासणी. 'नखच तर आहे' म्हणून वर्ष घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांच्यापेक्षा त्यांना वर्षभर ट्यूब लिहून देणाऱ्यांचा राग येतो.

नख सुटल्यावर करायचं काय, ते आता सांगते. सुटलेलं नख पुन्हा चिकटत नाही. कुठल्याही लेपाने, तेलाने, गोळीने नाही. मुळातून नवं नख घट्ट धरून पुढे येतं आणि सुटलेला भाग कापला जातो, हाच एक मार्ग. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने धरा. पायाच्या अंगठ्याला बारा ते अठरा महिने. तोवर जेवढं सुटलंय तेवढं नेलकटरने अलगद कापत राहायचं, घट्ट भागापर्यंत. सुटलेलं लांब नख ठेवलं की ते कशात तरी अडकतं आणि फट आणखी आत जाते. खाली पिन, काडी, ब्रश घालून कोरायचं नाही. आतली घाण काढतो म्हणून बायका रोज हेच करतात आणि नवी येऊ बघणारी पकड रोज मोडतात. हे एक कोरणं थांबलं तरी कितीतरी नखं बरी होतील. हात धुतले की टोकं नीट पुसायची, पंख्याखाली धरायची. घट्ट पट्टी बांधून ठेवायची नाही, आत घाम साचतो. नेलपॉलिश नको. झटपट चिकटवायचा गोंद नखाखाली सोडणारे महाभाग आहेत, त्यांनी ते आजच थांबवावं. लिंबू चोळून उन्हात बसू नये, लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते. चुना तर लावूच नये. नखाखाली हिरवं दिसलं तर ते स्युडोमोनास जंतूचं काम. हेही ओलाव्यातच वाढतं. नख कापून कोरडं ठेवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. कडेला नखुरडं होऊन ठणका लागला, पू दिसला, तरी दाखवायचं.

दारात बोट चेमटलं किंवा नख उपटलं गेलं तर गोष्ट वेगळी. वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा, हात वर धरा, बोटातली अंगठी लगेच काढा. अर्धवट लटकणारं नख ओढून काढू नका. खालच्या जखमेला तेच सर्वांत चांगलं झाकण असतं. पूर्ण निघालं असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून बरोबर न्या. नखाखाली रक्त साचून ठणका असह्य झाला तर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून ते काढतात, पण हे घरी तापल्या सुईने करायचं काम नाही. हाड मोडलंय का ते बघायला एक्स-रे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन्ही विचारून घ्या. जखमेत हळद-कॉफी भरून आणलेली बोटं साफ करता करता पेशंटला मूळ जखमेपेक्षा जास्त वेदना होतात.

हे सगळं लिहून झालं, तरी मुख्य भांडण बाकीच आहे. 'हात कोरडे ठेवा' हा सल्ला मी सहा घरं करणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने देऊ? तिचे हात कोरडे ठेवणं तिच्या हातात नाही. ते तिला कामाला ठेवणाऱ्यांच्या हातात आहे. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. पण मोरीपाशी बसलेल्या बाईच्या हातांवर काय गेलं हे बघायला कुठलाही निरीक्षक स्वयंपाकघरात येत नाही. तिथे नियम घरमालकाचा. आणि त्या घरमालकाच्या घरात बाथरूमसाठी ॲसिड असतं, फरशीसाठी वेगळं द्रावण असतं, ओट्यासाठी फवारा असतो. हातमोज्यांची जोडी नसते.

मी हे विचारते तेव्हा ठरलेलं उत्तर मिळतं. "अहो, दिले होते मोजे, तीच घालत नाही." काय दिले होते ते बघा. एकाच मापाचे, तिच्या पंजाला मोठे, ज्यांतून ताटली निसटते आणि फुटली की बोलणी तिलाच बसतात. आत अस्तर नाही, त्यामुळे दहा मिनिटांत घामाने हात आतूनच भिजतात. एका बोटाला भोक पडलं की साबणाचं पाणी आत साचून नुसत्या हातांपेक्षा वाईट. तिच्या मापाचे मोजे हवेत, आत सुती मोजे हवेत, ते बदलायला दुसरी जोडी हवी, आणि भोक पडल्या दिवशी नवे हवेत. तारेच्या घासणीऐवजी दांड्याचा ब्रश हवा. भांडी आधी खरकटं काढून, भिजवून ठेवलेली हवीत, म्हणजे तिला ती नखांनी खरवडावी लागत नाहीत. आणि मोजे घालून काम थोडं सावकाश होतं, तेवढा वेळ तिला द्यायला हवा. सहाव्या घरी पोचायला उशीर झाला म्हणून खाडा लावणाऱ्याने तिच्या मोज्यांबद्दल तक्रार करू नये.

डॉक्टरांना माझं सांगणं आहे की चिठ्ठीवर नाव आणि वयाच्या खाली काम लिहा, तेही 'गृहिणी' एवढ्यावर थांबून नको. पाण्यात किती तास ते लिहा. औषधाच्या आधी मोजे लिहा. गरज असेल तर कामावरून काही दिवस भांडी बंद असा दाखला द्या, सहीशिक्क्यानिशी, आणि तो वाचून दाखवा, म्हणजे बाईला घरमालकिणीसमोर तो ठेवता येईल. ज्यांच्या घरी अशी बाई येते त्यांनी हा महिना संपायच्या आत दोन जोड्या आणाव्यात. त्यांचा खर्च तिच्या पगारातून कापायचा नाही.